मंडळी जेवताहेत

डोळे मिटा आणि एक काचेची बरणी समोर आणा, तुमच्या गुडघ्याएवढी उंच. आत चहाच्या रंगाचं पाणी. झाकणातून निघालेली नळी शेजारच्या पेल्यातल्या पाण्यात बुडाली आहे, आणि स्टुलावर बसलेली नऊ वर्षांची मुलगी त्या पेल्यातले बुडबुडे मोजते आहे.

"मिनिटाला बावीस."

"म्हणजे मंडळी पोटभर जेवताहेत," आई वहीतून मान वर न करता म्हणाली.

मंडळी म्हणजे यीस्ट, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. आई पेंढा शिजवायची, त्याची साखर करून त्यांना वाढायची. ते ती खायचे आणि गाडी चालेल असं इंधन मागे ठेवायचे. बुडबुडे हे त्यांचे ढेकर. सुट्टीत मुलीचा सगळा दिवस या खोलीत जायचा. डबे दोन यायचे. आईचा बहुतेकदा तसाच घरी परत जायचा.

"उद्या साहेबांना हे पसंत पडलं, की तू मोठ्या कारखान्यात जाणार?"

"वर्षभरच गं."

"आणि मी मावशीकडे."

आईने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मावशी लाड करते की तुझे."

"मावशी टीव्हीशी बोलते."

तेवढ्यात वीज गेली. बरणीखालची गरम तबकडीही विझली. आई वायरमनला शोधायला निघाली.

"झाकणाला हात लावू नकोस," ती दारातून म्हणाली. "वीज लवकर आली म्हणजे मिळवली. थंडी वाजली की मंडळी जेवण टाकून झोपतात. मग सगळं पहिल्यापासून."

पावलं जिन्यावरून खाली गेली. खोलीत फक्त बुडबुड्यांचा आवाज उरला. अठरा. बऱ्याच वेळाने अकरा.

पहिल्यापासून म्हणजे सहा महिने, हे मुलीला पाठ होतं. तेवढे महिने आई इथेच. त्यासाठी काही करायचंही नव्हतं. नुसतं बसून राहायचं.

ती हाताची घडी घालून बसली. खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता. सहा. मग चार.

पुढचा बुडबुडा येईचना. तिने घडी सोडली आणि बरणीला तळहात लावला. ती जेमतेम कोमट होती.

मुलीने अंगातला स्वेटर काढला, बरणीला घातला, गळ्याशी बटण लावलं. मग दोन्ही डबे उघडून, एक बरणीपुढे सरकवून, ती कुडकुडत जेवायला बसली.