कुशाबाने विझवलेला दिवा

मी एक जुना दीपस्तंभ आहे. शीवकडची नदी जिथे खाडीला मिळते, तिथल्या खडकावर माझा मुक्काम. मित्रांनो, परळच्या पाथरवटांनी माझे काळे दगड घडवले. कौलं आणि मीठ भरलेली गलबतं माझ्या उजेडावर वळण घेत, तेव्हा खलाशी मला हात जोडत.

शीव कोळीवाड्याचा कुशाबा माझा राखणदार. धोतराच्या सोग्याने तो माझ्या काचा पुसायचा. त्याचा धाकटा भाऊ शिवा मासेमारी करायचा.

संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं होतं. लालबाग-परळात गोळीबार होऊन संचारबंदी लागली होती. ऐन दिवेलागणीला एक पोलीस साहेब शिपाई घेऊन जिना चढून आला.

"दिवा विझव. चळवळवाले होड्यांतून येतात म्हणे. येऊ देत अंधारात!"

"साहेब, वारा सुटलाय. कोळ्यांच्या होड्या बाहेर हायत. माझा भाऊ हाय त्यात."

"तुला तुरुंगात टाकलं तर पोरांना कोण पोसेल रे?"

कुशाबाने वात खाली ओढून दिवा विझवला. साहेब निघून गेला, शिपाई पहाऱ्याला राहिले.

थोड्या वेळाने पाण्यातून हाक आली, "दादाऽ, दिवा!" कुशाबा धडपडत उठला. शिपायांनी त्याला दाबून धरलं. शिवाची होडी माझ्याच खडकावर फुटली आणि तो बुडाला.

चौकशीत साहेब म्हणाला, "मी असा हुकूम दिलाच नाही. हाच पिऊन पडला असेल." शिपायांनी माना डोलावल्या. कुशाबाची नोकरी गेली.

शिवाची बायको जाईबाई भर वस्तीत ओरडली, "एका आईचं दूध प्यालात ना रे? वात लावायला हात झडले होते तुझे?"

"जाई, त्यांनी मला धरला होता..." एवढंच तो म्हणाला. कोणी ऐकलं नाही. कोळीवाड्याने त्याला वाळीत टाकलं. करी रोडला हमाली करता करता तो खंगून मेला. खांदा द्यायला वस्तीतलं कोणी गेलं नाही. साहेबाला मात्र बढती मिळाली.

मुंबई महाराष्ट्राची झाली त्या दिवशी लोकांनी मला झेंडूच्या माळा घातल्या, पेढे वाटले. कुशाबाचं नाव कोणी काढलं नाही.

मी अजून गलबतांना वाट दाखवतो. मित्रांनो, माझा रंग उडाला, दगडांवर शेवाळ चढलं. जमलं तर ते खरवडा. पण माणसं पाण्यात असताना कोणी दिवा विझवायला सांगितलं, तर विझवू नका. आणि एखाद्या भेदरलेल्याने विझवलाच, तर त्याला धोंडा मारण्याआधी, विझवायला लावणारा कुठे आहे ते विचारा.