ती आधीच बोलली होती

सावद्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या जितेंद्र सरांना जुन्या परदेशी चित्रपटांचं भारी वेड. त्यातही अजस्र प्राण्यांच्या कृष्णधवल चित्रपटांचं. अणुस्फोटानंतर घराएवढा झालेला विंचू, समुद्रातून वर आलेलं धूड, जीव मुठीत धरून पळणारं शहर! दर शनिवारी शाळा सुटली की ते प्रयोगशाळेत पडदा लावत, नववीच्या मुलांना असा एखादा चित्रपट दाखवत आणि त्यातलं विज्ञान किती खरं, किती खोटं ते समजावून सांगत. मुलं खूश. यात वाईट काय, असं तुम्हालाही वाटेल. सरांनाही तसंच वाटत होतं.

त्या वर्षी जळगावच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी विषय निवडला, वादळात आडव्या होणाऱ्या केळीच्या बागा कशा वाचवायच्या. गटात मयुरी, कुंदन आणि आणखी दोन मुलगे होते. ट्रेमध्ये माती भरून केळीची कागदी झाडं उभी केली, समोर टेबलफॅन ठेवला, मध्ये पुठ्ठ्याची भिंत. पण पंखा सुरू केला की वारा भिंतीवरून उसळी घेई आणि मागची केळी पटापट पडत.

"भिंत आणखी उंच करा," सर म्हणाले.

"सर, भिंतीला फटी ठेवल्या तर?" मयुरीनं विचारलं. "आमच्या बागेला शेवरीच्या झाडांचा आडोसा आहे. त्यातून थोडा वारा आत येतो, पण त्याचा जोर मोडतो. शेजारी पत्र्याचं कुंपण आहे, तिथंच जास्त केळी पडली."

"बघू नंतर. तू आधी तक्त्याची नक्षी पुरी कर. तुझा हात छान आहे."

भिंत उंच केली, तरी केळी पडतच राहिली. दुसऱ्या दिवशी कुंदन म्हणाला, "सर, भिंतीला फटी पाडून बघू का?"

फटी पाडल्या. पंखा लावला. केळी डुलली, वाकली, पण उभी राहिली!

"शाब्बास कुंदन! याला म्हणतात डोकं!" सरांनी त्याची पाठ थोपटली आणि तिथल्या तिथे त्याला गटप्रमुख करून टाकलं.

मयुरीनं हातातला ब्रश खाली ठेवला. "सर, मी या गटात राहणार नाही."

"का गं? काय झालं?"

"शनिवारच्या सिनेमातल्या त्या डॉक्टरबाईसारखं मला व्हायचं नाही," असं म्हणून तिनं दप्तर उचललं आणि ती निघून गेली.

सर चिडूनच घरी आले. त्यांची बायको मोहिनी जळगावजवळच्या एका प्रयोगशाळेत केळीची टिश्यू कल्चरची रोपं तयार करण्याचं काम बघायची. ती नुकतीच बसमधून उतरून आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, त्या सिनेमात डॉक्टरबाई काय सांगते?"

"ती कुठे काय सांगते? किंचाळते, पाय मुरगळून पडते, मग नायक तिला उचलून नेतो."

"लावा बघू पुन्हा."

दोघं बघू लागले. सुरुवातीलाच ती डॉक्टरबाई लष्करी अधिकाऱ्याला सांगत होती, हा प्राणी थंडीत सुस्त होतो. अधिकारी म्हणाला, बाईसाहेब, तुम्ही घाबरला आहात, जरा विश्रांती घ्या. मग पूल पडला, अर्धं शहर गेलं. आणि शेवटी नायक ओरडला, थंडी! याला गोठवायला हवं! सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघू लागले.

सरांनी चित्रपट बंद केला. म्हणाले, "मोहिनी, सत्तर वर्षांपूर्वीचा चित्रपट आहे. तेव्हा तसंच होतं."

"तेव्हाचं राहू द्या. आज तुम्ही शाब्बास कुणाला म्हणालात?" मोहिनीचा आवाज चढला नव्हता. "आमच्या प्रयोगशाळेत पाहुणे येतात. मी समोर उभी असते, तरी विचारतात, साहेब कुठे आहेत? मी उत्तर दिलं तर ते माझ्या हाताखालच्या मुलाकडे बघून मान हलवतात. हे लोक वाईट नाहीत हो. बाईनं भ्यायचं आणि पुरुषानं उपाय शोधायचा, हे त्यांनी लहानपणापासून इतकं पाहिलंय की समोरचं दिसतच नाही. तुम्ही पोरांना सिनेमातलं विज्ञान तपासायला शिकवता ना? मग माणसं का नाही तपासत?"



पुढच्या शनिवारी त्यांनी तोच चित्रपट पुन्हा लावला आणि मध्येच थांबवला. "उपाय आधी कोणी सांगितला?"

 मागून आवाज आला, "डॉक्टरबाईंनी!"

"मग मला तो का ऐकू आला नाही? आणि परवा मयुरीनं सांगितलेला तरी का ऐकू आला नाही? चूक माझी आहे."

कुंदन खाली मान घालून उभा राहिला. "सर, फटींचं मयुरीच बोलली होती. मला माहीत होतं. तुम्ही पाठ थोपटली तेव्हा मला सांगवलं नाही."

सरांनी मयुरीला परत यायची विनंती केली. ती लगेच हो म्हणाली नाही.

"येईन, सर. पण शेवरीचा प्रयोग मी मांडणार. आणि तिथं बोलणारही मीच."

"कबूल!"

जळगावला परीक्षक आले, त्यांनी मॉडेल पाहिलं आणि प्रश्न विचारला तो थेट कुंदनला. कुंदन एक पाऊल मागे सरला. "हिला विचारा, साहेब. कल्पना हिची आहे."

मयुरी बोलली, न अडखळता. पहिला नंबर दुसऱ्याच शाळेला मिळाला. पण गर्दीत उभे असलेले यावलचे एक शेतकरी पुढे आले. "पोरी, माले पुन्हा सांग बरं. शेवरी किती अंतरावर लावू?" ते विचारत होते आणि मयुरी सांगत होती. जितेंद्र सर बाजूला उभे होते आणि एक शब्दही मध्ये बोलले नाहीत!

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, ग्रामसभेत रोज कुणी ना कुणी बाई काहीतरी सांगत असते. तिचं म्हणणं चुकीचंही असू शकेल. पण ते ऐकून, तपासून ठरवायचं असतं, 'बघू नंतर' म्हणून नव्हे. आणि तेच म्हणणं घटकाभरानं एखाद्या पुरुषाच्या तोंडून आलं, तर गप्प बसू नका. भरल्या सभेत उठून सांगा, हे हिनं सांगितलं होतं. आता पुढचंही हिलाच विचारा!