सायखेड्याचा ओढ्या

मी एक जुना ओढपाटा आहे. पाट माहीत आहे, पोळपाट माहीत आहे, हा ओढपाटा कुठून उपटला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! सायखेड्याच्या केरू आप्पांनी मला बनवलं, तेव्हा मला काय म्हणावं ते त्यांनाही सुचलं नव्हतं. त्यांच्या लेकीने, उज्वलाने, मला 'ओढ्या' अशी हाक मारली आणि तेच नाव पडलं.

मित्रांनो, माझं काम साधं. पोटात बॅटरी, बुडाला पंखा. मी पाण्यावरून पुढे पळायचं आणि मागे दोरी धरून फळीवर उभ्या असलेल्या माणसाला ओढायचं. त्या फळीखाली एक लांब दांडी असते आणि दांडीला पाण्यात बुडालेले पंख. वेग आला की पंख फळीला वर उचलतात आणि माणूस पाण्याच्या वरून अलगद जातो. समुद्राकाठची माणसं हे लाटांवर करतात. आमच्या गोदावरीला कुठल्या आल्यात लाटा? म्हणून मी.

उज्वलाने हा खेळ मोबाइलवर पाहिला आणि बापाच्या मागे भुणभुण लावली. आप्पा अंबडच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, कामाला. "लेथवर काय बी निघतं, फक्त माप बरोबर पायजे," असं म्हणणारा माणूस. मग काय, सगळा उन्हाळा बापलेक माझ्या मागे. द्राक्षांच्या पेट्यांचा थर्मोकोल जोडून माझं अंग झालं, वर फायबरचा लेप चढला. बॅटरी भंगारातल्या इलेक्ट्रिक स्कूटरची आणि पंखांची फळी गोव्याहून आणलेली, जुनी. बॅटरीच्या डब्याला रबर बसवून चार कड्यांचं झाकण केलं. हे झाकण म्हणजे उज्वलाचं खातं. कड्या आवळायच्या आणि रबरावरून बोट फिरवून बघायचं, हे ती कधी चुकली नाही.

"आप्पा, बारावी झाली की मी इंजिनिअरिंगलाच जाणार," ती पाना फिरवता फिरवता म्हणायची.

"जा की. मंग मला शिकव," आप्पा म्हणायचे. तोंडावर दाखवायचे नाहीत, पण माणूस आतून फुलून यायचा.

पावसाळ्यात पूर आला आणि नदीतली जलपर्णी वाहून गेली. पाणी मोकळं झालं. तेवढ्यात दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. आप्पांनी पाना, पक्कड, हातोडी सगळं मांडलं आणि मधोमध मला ठेवलं. उज्वला मैत्रिणींबरोबर आपट्याची पानं आणायला गेली होती. आप्पांनी माझं झाकण उघडलं.

"अहो, झाकण कशाला काढताय?" सिंधुबाईंनी विचारलं. त्या उज्वलाच्या आई.

"पूजा यंत्राची करायची का पिलॅस्टिकच्या डब्याची?" आप्पा म्हणाले. त्यांनी बॅटरीला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला आणि कारखान्यात लेथवर शिंपडतात तसं नारळाचं पाणी माझ्या पोटात शिंपडलं. लेथ पुसून त्याला तेल लावतात. मला कोणी पुसलं नाही. पाणी बॅटरीच्या खाली उतरलं आणि रात्रभर तिथेच मुरलं.

सकाळी उज्वलाने फुलं काढली, कुंकू तसंच राहू दिलं. चारही कड्या आवळल्या. रबरावरून बोट फिरवलं. मग आम्ही घाटावर गेलो.

काय सांगू मित्रांनो! पोरगी दोरी धरून उठली, मी जोर लावला आणि फळी पाण्याच्या वर आली. उज्वला हवेत! घाटावरची माणसं उभी राहिली. आप्पा ओरडत होते, "धर, धर, लय भारी!" माझ्या आयुष्यातलं सगळं सुख त्या एका फेरीत आहे.

आणि माझ्या पोटात जळकट वास सुटला. पंखा थांबला. उज्वला धपकन पाण्यात पडली. ती मला ढकलत काठाला आली तेव्हा शेजारचा गोरक्ष हसून म्हणाला, "केरू आप्पा, विमान पडलं का वं?" सगळे खिदळले.

आप्पांचा पारा चढला. हसणाऱ्यांना ते काही बोलले नाहीत, लेकीला बोलले. "एवढं एक काम व्हतं तुझ्याकडं. झाकण लावता येत नाय आन् इंजिनेर व्हायचंय!"

"लावलं होतं आप्पा."

"मंग आत पाणी काय आभाळातून आलं?"

ती चारचौघांत मान खाली घालून घरी गेली. आप्पांनी मला गोठ्यात भिरकावलं. बारावी झाल्यावर तिने कॉमर्सला नाव घातलं आणि पुण्याला गेली. जाताना आईला म्हणाली, "माझा हात लागला की मशीन बिघडतं गं." मी ऐकलं.

ती गेल्यावर एक दिवस आप्पांना कड्यांची गरज पडली, म्हणून त्यांनी माझा डबा उघडला. रबर कोरडं ठाक. नदीच्या गाळाचा कणही नाही. आत तारा हिरव्या पडलेल्या, त्यांना चिकटलेलं कुंकू आणि एक काळी पडलेली झेंडूची पाकळी. आप्पांनी ती पाकळी उचलली आणि सिंधुबाईंना हाक मारली.

"सिंधे, पोरीचं झाकण बरोबर व्हतं गं."

"मग तिला फोन करून सांगा की."

"सांगतो."

तेव्हापासून आप्पा फोन घेऊन गोठ्यात येतात, माझ्यावर बसतात. "जेवलीस का?" विचारतात. "थंडी हाय का तिकडं?" विचारतात. परवा तिनेच विचारलं, "आप्पा, ओढ्या आहे का अजून?"

"हाय."

"टाकून द्या त्याला. माझ्यामुळंच बिघडला तो."

आप्पांचा हात माझ्या कडेवर घट्ट आवळला.  मग म्हणाले, "यंदा कांदे लावलेत."

मित्रांनो, वस्तूची पूजा जरूर करा, पण नंतर तिला पुसा. ती बिघडली तर आधी उघडून बघा, माणसाला मग बोला. माझं काय, माझ्यावर आता पेंडीची पोती ठेवतात, त्याचंही मला काही नाही. फक्त एक करा. तुमच्यापैकी कोणाला पुण्यात सायखेड्याची उज्वला भेटली, तर तिला एवढं सांगा, की तुझं झाकण बरोबर लागलं होतं.