सुपाच्या कडेचे तांदूळ

मनस्वी झोळीत झोपली की मी टेप लावते. एका हाताने झोळीची दोरी ओढायची, दुसऱ्याने लिहायचं. दोरी थांबली की बाईसाहेब उठतात, म्हणून टेपचं बटण मी पायाच्या अंगठ्याने दाबायला शिकले आहे. आमचे हे हसतात. म्हणतात, "डोलवीला कंपनीत मशीनवर लावली पाहिजे तुला."

टेप सुरैय्या मॅडमच्या; त्यांच्यासाठी मी त्या ऐकून कागदावर उतरवते. आई गेल्यावर मी रोह्याला मावशीकडे वाढले, तिथल्या कॉलेजात त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. आता त्या पीएच.डी. करताहेत, आमच्या आगरी लग्नातल्या धवल्यांवर. धवले म्हणजे लग्नाचे विधी चालू असताना गायची गाणी, आणि गाणारी बाई ती धवलारीण. माझ्या सासूबाई, धोंडुबाई, पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावातल्या धवलारीण.

गाणी गोळा करणारे पूर्वीही येऊन गेले. खाली 'पारंपरिक' लिहिलं की त्यांचं काम झालं. मॅडमना त्याचा राग. "परंपरा काय तोंड उघडून गाते का गं? कुणीतरी ती ओळ पहिल्यांदा म्हटली असेलच ना?" त्या एकेक धवला गावोगावहून टेप करतात, उतरवून घेतात, मग कागद शेजारी-शेजारी मांडतात. सगळीकडे सापडणाऱ्या ओळींना निळी रेघ, मोजक्याच ठिकाणी सापडणाऱ्यांना लाल. त्यांच्या घरी जमिनीवर कागदच कागद, आणि त्यांची अम्मी बिचारी भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाते. "हिच्या भावाने, फैजलने, कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला तो गाणी ऐकायला," असं ती मला प्रत्येक वेळी सांगते, "अन् ही बघ काय करते!"

एका धवल्यात या चार ओळी आहेत:

तांदूल निवडीले गो, सुपात घोलून
नवरीला आनिली गो, हलद लावून
पान्याचं झायलं मीठ गो, ऊन सोसून
लेकीची झायली सून गो, मांडवी बसून

पहिल्या दोन निळ्या. शेवटच्या दोन लाल. त्या फक्त आमच्या खाडीला मिळाल्या, आणि तिकडे लांब निडीला एका बाईकडे.

त्या लाल ओळी माझी आई गुणगुणायची. पुतळी तिचं नाव. मिठागरातून आली की मला पुढ्यात घेऊन केस विंचरायची आणि त्या तालावर फणी चालायची. मी दुसरीत असताना ती गेली. तिचा फोटो नाही. मी मॅडमना म्हटलं, "या दोन ओळी आईच्या आहेत. तिचं नाव घाला."

मॅडमनी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "गुणगुणायची म्हणून तिनेच रचल्या, असं मी कसं लिहू, प्रतिक्षा? मिठागरात कितीतरी बाया होत्या."

"मग काय लिहिणार?"

"आज तरी, कवयित्री अज्ञात."

त्या दिवशी त्यांच्या चहात साखर घालायची माझी राहून गेली. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

पण आठवड्याने त्या परत आल्या, माझा कागद घेऊन. "दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये काय आहे?"

"काही नाही."

"ऐक." टेप लावली. खरंच, मध्ये सासूबाई थांबल्या होत्या.

"दम लागला असेल. वय झालं त्यांचं."

"दम कुठे घेतात ते बघितलं मी. तो ओढल्याचा आवाज येतो. इथे येत नाही. आता ही निडीची टेप ऐक. बाई वेगळी, गाव वेगळं, आणि थांबते मात्र तिथेच."

मी इतक्या वेळा ती टेप ऐकली होती. पण मी शब्द ऐकत होते, आणि या बाई शब्दांच्या मधलं ऐकत होत्या.

सासूबाई ओटीवर सुकट निवडत होत्या. मी विचारलं, "आये, इथं का थांबल्या तुमी?"

"मंग तांदूल कदी ठेवू?"

"कसले तांदूळ?"

"सुपातले! दुसरीची ओल आपल्या तोंडात घेतली तं तिच्या नावाचे चिमूटभर सुपाच्या कडेला ठेवायचे. माज्या शिकवनारीची रीत हाय. तुज्या टेपला दिसलं नाय व्हय?" आणि खो-खो हसल्या.

टेप करताना त्या सुपाशिवाय गायला तयार नव्हत्या, ते मला आठवलं. मला वाटलं होतं, नुसती सवय. आणि लग्नात धवलारणीच्या हाताकडे कोण बघतं? सगळे नवरीकडे बघतात.

मॅडम तिथेच ओटीवर बसल्या, सुकटीशेजारी. "धोंडुबाई, आम्हीही हेच करतो. दुसऱ्याचं घेतलं की पानाच्या तळाशी बारीक अक्षरात त्याचं नाव लिहितो."

"मंग तुमचेबी तांदूलच की!"

"तांदूळच. बरं, हे मधले कुणाच्या नावाचे?"

सासूबाईंनी सुकटीतला एक खडा वेचून टाकला. "नाव नाय मिलालं, बाय. शिकवनारीनं ठेवले, म्हनून मीबी ठेवते. ठेवायचं सोडलं नाय."

म्हणजे तिथे कुणीतरी होतं. नाव गळून गेलं होतं, जागा राहिली होती.

पुढच्या रविवारी आम्ही पेणहून रोह्याच्या पॅसेंजरने निडीला गेलो, मनस्वीला घेऊन. गाडीत मॅडमनी मला बजावलं, "तू कोण ते सांगायचं नाही. आईचं नाव काढायचं नाही. आपण नाव सुचवलं, की समोरची भिडेखातर हो म्हणते. मग ते पुरावा म्हणून चालत नाही. जमेल?"

"आणि दुसरंच नाव आलं तर?"

"तर ते लिहायचं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेऊन बसल्या, निडी येईपर्यंत.

निडीची धवलारीण हौसा. तरुणपणी खाडीवर मिठागरात असायची, मग लग्न होऊन इकडे आली. तिने सूप पुढ्यात घेतलं. पहिल्या ओळीआधी कडेला चिमूट. दोन ओळी. थांबली. दुसरी चिमूट. पुढच्या दोन.

"पहिले तांदूळ कुणाचे?" मॅडमनी विचारलं.

"माज्या सासूचे. तिची गानी."

"आणि दुसरे?"

"ती एक होती आमच्याबरोबर मिठागरात. पुतली."

मी मनस्वीचा पाय इतका घट्ट धरला की तिने भोकाड पसरलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तो त्यांनी विचारू नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होते.

"ती स्वतः गायची तेव्हा तिथे तांदूळ ठेवायची?" ठेवत असली, तर ओळी तिच्याही नव्हत्या.

हौसा हसायला लागली. "नाय! तेच तं. हलदीला गात होती नि कडेला काय ठेवलंच नाय. मी म्हनली, 'पुतले, तांदूल इसरलीस गो.' तं माज्यावरच डोले वटारले. म्हनली, 'इसरली नाय. ह्ये माजं हाय. माज्याच नावाचे मीच ठेवू काय, येडे?'"

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. "आता सांग," त्या मला म्हणाल्या.

मी नुसती मनस्वीला थोपटत राहिले. हौसा माझ्याकडे बघत राहिली, मग मनस्वीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "पुतलीची पोर व्हय तू? आगो बाय माजे!" तिने कडेची ती दुसरी चिमूट उचलली आणि रडणाऱ्या मनस्वीच्या मुठीत घातली. "घे, तुज्या आजीचे हायत." मनस्वी गप्प झाली आणि ते सरळ तोंडात घातले.

टेप चालूच होती. ऐकू येतं ते सगळं लिहायचं, असा मॅडमचा नियम आहे. म्हणून उतरवताना मी शेवटी लिहिलं, 'लहान मूल रडते. आणखी कुणीतरी रडते.'

कागद काल परत आला. लाल ओळींखाली मॅडमनी लिहिलं आहे: रचना पुतळी, खाडीवरचं मिठागर, हौसा, निडी, यांच्या सांगण्यावरून. निळ्या ओळींखाली अजून 'अज्ञात' आहे, पुढे प्रश्नचिन्ह. आणि अगदी तळाशी, माझ्या वाक्याला पेन्सिलने गोल करून: 'कुणीतरी म्हणजे कोण? नाव लिही.'

मनस्वी झोपली आहे. लिहिते.