लायल नको म्हणून घेतलेली वॉरंटी

हार्लन फोग्टच्या जेवणाच्या टेबलावर डीलरचं पत्र तीन दिवस पडून होतं. कोरीनच्या गाडीची कंपनीची वॉरंटी महिनाअखेरीस संपत होती. आणखी चार वर्षं वाढवून हवी असेल तर अठराशे डॉलर भरा, असा निरोप. हार्लन रोज एकदा ते वाचायचा आणि मिठाच्या बाटलीखाली परत सारायचा. एकतीस वर्षं पोस्टमनकी करत आलेला माणूस, दुसऱ्यांची पत्रं बिनचूक दारोदार पोचवली. स्वतःच्या घरी आलेल्या या एका पत्राचं काय करावं हे मात्र त्याला सुचत नव्हतं.

कोरीन त्याची बायको. नर्स होती, घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायच्या, साखर तपासायची, गोळ्या डबीत भरून द्यायच्या. रोजचे सत्तर मैल. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये दोन घरांच्या मध्ये कधी कधी नुसतं जंगलच लागतं. गाडी अडली की तिचं काम अडलं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "एवढा काय विचार करतोयस? मी लायलला विचारून येते."

हार्लनने पत्र पुन्हा मिठाच्या बाटलीखाली सारलं.

लायल पेटिटचं गॅरेज तळ्याच्या कडेला होतं. शाळा संपता संपता लायल आणि कोरीन दीड वर्ष एकमेकांबरोबर हिंडले होते, ही गोष्ट गावातल्या सगळ्या जुन्या माणसांना माहीत. मग ते फिसकटलं. हार्लन त्यानंतर कितीतरी वर्षांनी या गावात बदलून आला. लायलनेही पुढे ट्रूडीशी लग्न केलं, चौघं एकमेकांकडे जेवली, पत्ते खेळली, आणि त्या सगळ्या काळात हार्लनला कधी काही वाटलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी ट्रूडी कॅन्सरने गेली. तेव्हापासून कोरीन गाडीचं ऑइल बदलायला गेली की हार्लनची नजर घड्याळाकडे जायची. काम अर्ध्या तासाचं, बाई यायची दीड तासाने. हातात लायलने धुरावर शेकलेला, कागदात गुंडाळलेला मासा, आणि तोंडावर तिथलंच काहीतरी आठवून उरलेलं हसू. त्या हसण्यात आपला वाटा नाही, हे हार्लनला तिने कोट काढायच्या आतच कळायचं.

त्या दिवशीही तशीच आली.

"काय म्हणाला?" हार्लनने विचारलं.

"घेऊ नका म्हणाला. इंजिन घोड्यासारखं आहे, तेवढे पैसे बँकेत टाका म्हणाला." कोरीनने बूट काढले. "आणि काही निघालंच तर मी आहे ना, म्हणाला."

मी आहे ना. माशाचा काटा घशात अडकावा तसे ते तीन शब्द हार्लनच्या घशात अडकले. जेवताना अडकले, झोपताना अडकले. कोण आहेस तू? कशासाठी आहेस? तिचा नवरा जिवंत आहे, त्याच घरात आहे, पुढच्या खोलीत मोजे शोधतोय!

शनिवारी सकाळी कोरीन कामावर गेल्यावर हार्लन चाळीस मैलांवरच्या शहरात डीलरकडे गेला. टेबलामागची बाई भली होती. तिने त्याच्यापुढे कागद पसरले, काय काय भरून मिळतं ते बोट ठेवून सांगायला लागली. हार्लनने तिला मध्येच थांबवलं.

"मला एकच सांगा. मोठं काम निघालं तर गाडी इथेच आणावी लागेल ना? गावातल्या मेकॅनिककडून करून घेतलं तर चालणार नाही ना?"

बाईचा चेहरा जरा ओशाळला. "नाही चालणार. तेवढी एक अडचण आहे खरी."

"अडचण कसली त्यात," हार्लन म्हणाला, आणि त्याने सही केली.

संध्याकाळी कोरीनने कागद पाहिले. "मला विचारायचंस तरी."

"तू लायलला विचारलंस ना. मी माझं मला विचारलं."

"लायलला गाड्यांतलं कळतं."

"कळत असेल. आता ऑइलसुद्धा डीलरकडेच बदलायचं. नाहीतर वॉरंटी रद्द होते." हे त्याने तिथल्या तिथे रचलं. करारात तसं काही नव्हतं.

कोरीनने कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकले. त्यानंतर दोनदा ती ऑइलसाठी शहरात जाऊन आली. वेळेवर आली, रिकाम्या हाताने आली, आणि आल्या आल्या भांडी धुवायला लागली. हार्लनला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटतंय याची लाजही वाटली, पण ती त्याने वर येऊ दिली नाही.

जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, एका आजीबाईच्या अंगणातून गाडी मागे घेताना गिअरबॉक्सने जीव सोडला. गाडी ओढून शहरात नेली. पहिले दोन दिवस हार्लन मान ताठ करून हिंडत होता. पोस्टात सगळ्यांना सांगितलं, "बघा, म्हणत होतो ना!" खरं तर तो कुणालाच काही म्हणाला नव्हता.

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. वॉरंटीवाल्यांचा माणूस येऊन पाहिल्याशिवाय गिअरबॉक्स उघडायचा नाही. तो माणूस पुढच्या आठवड्यात. मग मंजुरी. मग सुटा भाग लांबून यायचा. बदली गाडी मिळाली, पण पाचच दिवस. हार्लनची स्वतःची गाडी त्याला टपाल वाटायला लागायची, ती देता येत नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी कोरीनने कुणाला तरी फोन केला आणि संध्याकाळी ती एक मरून रंगाची गाडी चालवत घरी आली.

हार्लनने खिडकीतून गाडी पाहिली आणि ओळखली. ती ट्रूडीची गाडी होती.

"नुसती उभीच असते त्याच्याकडे," कोरीन म्हणाली. "दर रविवारी सुरू करून ठेवतो, म्हणाला. मी मागितली नाही. गाडी जिथे मोडली त्या आजीबाईंच्या मुलीने त्याला सांगितलं, त्याने मला फोन करायला निरोप ठेवला."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कोरीन चर्चच्या स्वयंपाकघरात मदतीला गेली ती शेजारणीबरोबर. हार्लन बाहेर जाऊन त्या गाडीत बसला. दाराच्या खाचेत ट्रूडीचा काळा चष्मा होता, पेपरमिंटचं अर्धं पाकीट होतं. ट्रूडीबद्दल त्याला वाईट वाटलं, तेही खरं. पण तो खाली उतरला आणि त्याचं लक्ष चाकांकडे गेलं. बर्फातले टायर. चारही कोरे, अजून नव्या रबराचे केस शाबूत. वायपर नवे. मेलेल्या बायकोच्या उभ्या गाडीला कुणी नवे टायर घालत नाही. ते कोरीनसाठी घातले होते, कालच. हार्लन उभ्या उभ्या पेटला. लायलला टाळायला आपण अठराशे डॉलर मोजले, आणि आपली बायको आता रोज सत्तर मैल त्याच्याच गाडीत, त्याच्याच टायरांवर!

कोरीन परतली तेव्हा तो अंगणातच उभा होता.

"टायर नवे आहेत," तो म्हणाला.

"असतील."

"किती काळजी!"

कोरीनने हातातलं भांडं गाडीच्या टपावर ठेवलं. "तुला नेमकं काय विचारायचंय, हार्लन?"

"काही नाही."

"मग मीच सांगते. मला तिथे जायला आवडतं. दिवसभर मी लोकांच्या पायांवरच्या जखमा बघते. तिथे तासभर कुणीतरी मला हसवतं. ट्रूडीबद्दल बोलतो तो, शाळेतल्या गमती काढतो. एवढंच आहे. आणि एवढं आहे. नाही म्हणून खोटं बोलणार नाही."

हार्लनला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर त्याला वेड्यात काढेल. यातलं काहीच झालं नाही म्हणून तो आणखीच उघडा पडला.

"ऑइल डीलरकडेच बदलायला हवं, हे मी खोटं सांगितलं," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे. मला वाचता येतं, हार्लन. ड्रॉवरमध्येच तर होते कागद."

"मग तू चाळीस मैल का जात राहिलीस? बोलली का नाहीस?"

"म्हटलं, अठराशे डॉलर आणि दोन खेपा यात तुझ्या पोटातली आग विझत असेल तर स्वस्तात सुटले." तिने भांडं उचललं. "विझली का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. ती आत गेली, आणि त्या रात्री दोघांनी मटारचं सूप खाल्लं.

तीन आठवड्यांनी गाडी आली. काम झालं होतं बावन्नशे डॉलरचं आणि हार्लनला त्यातले शंभरच द्यावे लागले. पोस्टात लोकांनी पाठ थोपटली. तो हसला, पण त्या कौतुकात चव नव्हती. चुकीचं उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळावेत तसं वाटत होतं.

"ट्रूडीची गाडी मी सोडून येतो," तो कोरीनला म्हणाला.

तिने त्याला निरखलं. "भांडणार आहेस?"

"नाही."

"मग जा."

हार्लनने गाडीवर बसलेलं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ धुतलं, टाकी भरली आणि दुपारी गॅरेजवर गेला. लायल एका ट्रकखाली होता. ओळखीचं इंजिन ऐकताच तो लगबगीने बाहेर आला. चिंधीला हात पुसत, केस मागे सारत, चेहऱ्यावर हसू तयार ठेवून. मग त्याला काचेपलीकडे हार्लन दिसला. हसू क्षणभर तसंच राहिलं, बिचाऱ्याला जायला जागा नव्हती.

"कोरीन नाही आली?"

"कामावर आहे."

"हां. बरोबर. मंगळवार आहे आज." मंगळवारी ती कुठे असते हे याला माहीत! हार्लनला पुन्हा कळ आली. पण त्याहून मोठं काहीतरी त्याला एव्हाना दिसलं होतं. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. तरुणपणी कोरीनच्या दारावर थाप मारताना ते त्याच्या स्वतःच्या तोंडावर असायचं. त्याचा संशय खरा होता. हा माणूस तिच्यावर जीव लावून होता.

लायलने कॉफी ओतली. दोघं शेगडीजवळ उभे राहिले. कोरीनला पोट धरून हसवणारा हा गडी हार्लनपुढे शाळकरी पोरासारखा गप्प होता.

"वॉरंटीचं मी चुकीचं सांगितलं," शेवटी तो म्हणाला. "त्या गिअरबॉक्सनं मला तोंडघशी पाडलं. बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."

"मी काही हिशेब करून घेतली नव्हती."

"ठाऊक आहे," लायल म्हणाला. "ट्रूडी म्हणायची, कोरीनची गाडी वळणावर दिसली की तू शीळ घालायला लागतोस. मी म्हणायचो, काहीतरीच काय! ती चिडायची नाही. नुसती म्हणायची." त्याने घोट घेतला. "मी कधी पायरी सोडली नाही, हार्लन."

"माहीत आहे मला."

"आणि तिच्या मनात तसलं काही नाही. असतं तर मला कळलं असतं. चाळीस वर्षं मी तेच तर बघतोय."

असं काही समोरच्याने कबूल केलं तर आपण त्याची कॉलर धरू, असं हार्लनला दोन वर्षं वाटत आलं होतं. आता हात कपाभोवतीच राहिले. मत्सर गेला नव्हता, मुळीच नाही. उलट आता त्याला धड नाव-गाव मिळालं होतं. पण आपण वेडे नव्हतो, याचं विचित्र समाधान त्याला वाटलं. आणि समोरच्या माणसाकडे दर तीन महिन्यांनी येणाऱ्या त्या वेळेशिवाय दुसरं काही नाही, तीही आपण दोनदा हिसकावून घेतली, हेही दिसलं.

परतायला हार्लनकडे गाडी नव्हती. लायलनेच त्याला सोडलं, ट्रूडीच्या गाडीतून. वाटेत ते तळ्यावरचा बर्फ किती जाड आहे यावर बोलले, आणि मग त्यावरही बोलायचं संपलं. घरापुढे गाडी थांबली. हार्लन दाराच्या मुठीवर हात ठेवून बसून राहिला. पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर यायला तयार नव्हतं.

"मार्चमध्ये ऑइल बदलायचंय. कोरीन घेऊन येईल."

लायलने रस्त्यावरून नजर काढली नाही. "करारात चालतं ते?"

"पावती तेवढी देत जा."

"देईन."

मार्चमधल्या एका शनिवारी कोरीन निघाली. दारात थांबून म्हणाली, "येतोस का बरोबर? तोही खूश होईल."

"होणार नाही," हार्लन म्हणाला, आणि कोरीनला हसू फुटलं. "तू जा. मला छपरावरचा बर्फ काढायचाय."

तो शिडी लावून वर चढला. वरून तळ्याकडे जाणारा रस्ता दिसत होता. वळणाआड जाईपर्यंत त्याने गाडी पाहिली. आत जळत होतं, आणि ते इतक्यात थांबेल असंही त्याला वाटत नव्हतं. त्याने फावडं बर्फात घातलं आणि पहिला ढीग खाली लोटला.