हनुवटीखालचा उजेड

“हे वर्तुळ झालं. चेंडू कुठाय?”

नर्सबाईंनी दचकून मान वर केली. पाठीमागे मास्तर उभे होते, सत्तरी उलटलेले तरी ताठ. वर्ग त्यांचा नव्हता, त्यांच्या मुलीचा होता. रविवारी सकाळी घराच्या पुढच्या खोलीत तीन मोठी माणसं हौसेनं चित्रकला शिकायला यायची. मध्ये स्टुलावर एक पांढरा चेंडू आणि डावीकडे दिवा. मास्तरांनी त्या वेळात आत बसून पेपर वाचायचा, असं ठरलेलं होतं. पण जित्याची खोड पेपरानं जाते थोडीच!

“छाया दिलीय की मी,” नर्सबाई म्हणाल्या.

“चहूबाजूंनी सारखी कड काळी केलीत. ताटली झाली ती. उजेड डावीकडून येतोय ना? मग अंधार उजवीकडे जाऊ द्या. आणि अगदी कडेला पुन्हा थोडा उजेड, स्टुलावरून परतून आलेला. तो नसला की चेंडू मागच्या भिंतीला चिकटतो. द्या इकडे.”

बाई हो की नाही म्हणायच्या आत त्यांनी खिशातून जाड पेन्सिल काढली आणि बाईंच्या कागदावर चालवली. चार फटकाऱ्यांत चेंडू असा वर आला, की उचलून घ्यावा. म्हातारा वाईट असेल, पण हात वाईट नव्हता.

“तो माझा कागद होता,” नर्सबाई म्हणाल्या.

“आता चित्र झालं त्याचं.”

“अण्णा, आत जा,” मुलगी म्हणाली.

“तू त्यांना नुसती बाह्यरेषा काढायला लावतेस. जगात रेघ नसते, कितीदा सांगू? उजेड असतो आणि अंधार असतो. हे तुला चाळीस वर्षांत...”

“आत जा म्हणते ना!”

नर्सबाईंनी सामान गोळा केलं. दारात चपला घालताना त्या म्हणाल्या, “आठवडाभर वॉर्डात डॉक्टरांची बोलणी खाते. रविवारीही तेच? पुढच्या वेळी सर असतील तर मी येणार नाही.” याच कारणानं मागच्या महिन्यात वर्गातल्या केमिस्टनं येणं सोडलं होतं. असंच चाललं असतं तर वर्गात स्टूल आणि चेंडू एवढेच उरले असते.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा मुलं त्यांना ‘सिक्स बी’ म्हणायची, त्या जाड पेन्सिलीवर छापलेल्या नंबरावरून. प्रत्येक मुलाच्या चित्रावर ते ती चालवायचेच, पण शाळेतली मुलं निदान संध्याकाळी घरी जायची. मुलीला कुठे जायला जागा होती? तिनं काढलेली किटली, तिनं काढलेला बूट, तिनं काढलेली आईची पाठ, सगळ्यांवर ती काळी रेघ फिरलेली. सातवीत तिच्या किटलीला बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षक कौतुकानं म्हणाले, “हात अगदी वडिलांचा हो!” हात खरोखरच वडिलांचा होता. तिनं ते चित्र घरी आणून फाडलं आणि वर मारही खाल्ला. आज ती पन्नाशीला आली होती, पण जिला अण्णांचा हात लागलेला नाही अशी एक रेघ तिच्यापाशी नव्हती. एवढं एकच तिला आयुष्यात हवं होतं. आई गेल्यावर अण्णा तिच्याकडे राहायला आले, ते पेन्सिल खिशात घेऊनच.

दुपारी जेवताना ती म्हणाली, “रविवारी त्या खोलीत यायचं नाही. आणि यायचंच असेल तर मॉडेल म्हणून बसायचं.”

“मॉडेल? मी काय मडकं आहे?”

“मडकं परवडलं. ते बोलत नाही.”

मास्तरांनी ताट बाजूला सारलं आणि उठून गेले. त्यानंतर आठवडाभर ती चहा टेबलावर आदळायची, ते पिऊन कप तिथंच आदळायचे. शनिवारी मात्र ते न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले.

रविवारी ते स्टुलावर येऊन बसले. अण्णा मध्ये पडणार नाहीत असा तिनं नर्सबाईंना फोन करून शब्द दिला होता, म्हणून त्याही आल्या होत्या, बोर्ड ढालीसारखा छातीशी धरून. मुलीनं दिवा सरकवला आणि मुद्दाम मोठ्यानं शिकवायला लागली.

“हे अण्णा आहेत हे विसरा. डोकं म्हणजे अंडं. मान म्हणजे नळकांडं. नाक म्हणजे पाचर.”

“डोकं म्हणजे ठोकळा,” मास्तर ओठ न हलवता पुटपुटले. “आधी त्याच्या बाजू पाड.”

“मॉडेल बोलत नाही, अण्णा.”

नर्सबाई फिसकन हसल्या. मास्तरांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत.

तिनंही स्वतःचा बोर्ड घेतला. वहीच्या मागच्या पानावर ती लहानपणी त्यांना काढायची, चष्मा, मिशी आणि उघडं तोंड, तीन रेघांत आटपणारा राग. आज रेघेनं भागत नव्हतं. कानशिलं आत गेली होती. डोळ्यांच्या खोबणीत छाया भरायला लागली तर भरतच राहिली, संपेना. मानेचं नळकांडं कॉलरमध्ये सैल झालं होतं. हे सगळं कधी झालं? तिला दया नाही आली, संतापच आला. भांडायला समोर मजबूत माणूस हवा, आणि हा लबाड म्हातारा तिला न विचारता मोडकळीला आला होता. ती दातओठ खाऊन काढत राहिली.

वेळ संपल्यावर मास्तर उठले. गुडघे धरून आधी नर्सबाईंच्या मागे गेले. “हं,” म्हणाले, आणि पुढे सरकले. मग मुलीच्या पाठीशी येऊन थांबले.

ते बराच वेळ बघत होते. त्यांचे हात शिवशिवत होते, हे तिला मागे न वळताही कळत होतं. चूक कुठे आहे हेही तिला कळत होतं. हनुवटीखाली सगळं एकसारखं काळं झालं होतं. परतून आलेला उजेड द्यायचा राहिला होता.

पेन्सिल खिशातून निघाली. तिच्या खांद्यावरून कागदापर्यंत आली आणि बोटभर अंतरावर थांबली.

“लावू?” मास्तरांनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं.

“नको,” ती म्हणाली.

“हनुवटी चिकटलीय मानेला.”

“माहितीये मला. राहू दे चिकटलेली.”

पेन्सिल मागे गेली. नर्सबाई उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. मास्तर सावकाश आत गेले आणि नळ सुरू झाला. वर्ग संपला की बोटांचं शिसं धुवायची त्यांची नोकरीपासूनची सवय होती. आज बोटांना काहीच लागलं नव्हतं, तरी नळ बराच वेळ चालू होता.