अकरा सह्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मात्र यातल्या ‘जुनी’ या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. माझ्या झाकणावर जी तारीख लिहिलेली आहे ती खोटी आहे. ती लिहिली गेली तेव्हा मी जेमतेम दहा दिवसांची होते, म्हणून मला ठाऊक.

जपानमधल्या हिबारा गावाच्या वरच्या अंगाला जो मठ आहे, तिथे मी राहते. हा मठ गेन्साई नावाच्या भिक्षूने, म्हणजे आमच्या आचार्यांनी, स्थापला, असं म्हणतात. साडेसातशे वर्षांपूर्वी तो बर्फ तुडवत इथे आला, दुष्काळात गावाला पेज वाढली, पंथ सुरू केला आणि इथेच वारला, असं म्हणतात. त्याचं जेवणाचं लाकडी पात्र माझ्या पोटात आहे, असंही म्हणतात. ‘म्हणतात’ हा शब्द मी फार वापरते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझा स्वभावच संशयी आहे. माझ्या जन्माची हकिगत ऐकलीत तर तुम्ही मला दोष देणार नाही.

मला मोहेई सुताराने केलं. आदल्या हिवाळ्यात मठ जळाला होता. जुनी पेटी, जुने कागद, सगळ्याची राख झाली होती. नेमक्या त्याच वर्षी सरकारी हुकूम आला की प्रत्येक मठाने आपला संस्थापक कोण आणि त्याला पुरावा काय ते कळवावं. ज्यांच्याकडे पुरावा नाही ते मठ बंद होणार. तेव्हाचे मठाधिपती दोन्शू हे साधे गृहस्थ होते, पण पाण्यात पडलं की पोहावंच लागतं. त्यांनी मला नऊ दिवस चुलीवर टांगून धूर दिला, चहाच्या काढ्याने पुसलं आणि झाकणावर चारशे वर्षांपूर्वीची तारीख लिहिली. माझ्या अंगाला तो धुराचा वास पुढे कितीतरी वर्षं येत होता. आपण जन्मतःच खोटी साक्षीदार आहोत, ही गोष्ट मनाला फार लागते.

पात्र तेवढं आगीतून वाचलं होतं. गावातल्या एका म्हातारीने ते किमोनोच्या बाहीखाली झाकून बाहेर आणलं होतं. दोन्शूंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, हे आचार्यांचंच कशावरून? माझ्या सासूने सांगितलं, असं ती म्हणाली. दोन्शूंनी सुस्कारा सोडला आणि पात्र माझ्यात ठेवलं. म्हणजे बघा, त्या पात्राला साडेतीनशे वर्षं पोटाशी धरून बसलेली मी, आणि माझ्याकडे माहिती काय, तर कुणाच्या तरी सासूचं सांगणं.

मग झाकण बसवून सांध्यावर कागदाची पट्टी चिकटवली गेली. दोन्शूंनी दार लोटून घेतलं आणि त्या पट्टीवर दोन ओळी लिहिल्या. शाई वाळायच्या आत त्यांनी तिच्यावर दुसरा कोरा कागद लावला आणि मोठ्या अक्षरात मठाचं नाव घालून सही केली. त्या झाकलेल्या दोन ओळींची मला कायम धास्ती वाटत आली.

पुढे रीत पडली. दर तेहतीस वर्षांनी मला फळीवरून उतरवायचं, गाव जमवायचं, आणि मठाधिपतींनी जुन्या पट्टीवर नवी पट्टी डकवून सही करायची. मजकूर ठरलेला: ‘तपासले. पूर्वीप्रमाणेच आहे.’ आणि तपासायचं मात्र नाही. मला उघडणं म्हणजे आचार्यांवर अविश्वास दाखवणं, असं सगळे मानत. त्या दिवशी माझं केवढं कौतुक होई. रेशमी रुमाल, धूप, पाया पडणारी माणसं. एरवी बत्तीस वर्षं मी आणि उंदीर. दोन्शूंची धरून अशा अकरा पट्ट्या माझ्या अंगावर चढल्या. त्यांच्यानंतरच्या दहाही जणांनी आपल्या आधीच्याची साक्ष काढली, आत कोणीही डोकावलं नाही.

अकरावी सही र्योताकु महाराजांची. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी झाकणावर हात ठेवला होता आणि क्षणभर मला वाटलं, हा उघडणार. पण समोर गाव बसलं होतं. त्यांनी ‘पूर्वीप्रमाणेच आहे’ असं लिहिलं. त्यानंतर रोज सकाळी ते मला नमस्कार करत, पण माझ्याकडे न बघता.

आता बारावी पट्टी लावायची वेळ आली. महाराज एक्याऐंशी वर्षांचे झाले होते, छातीचं दुखणं होतं, आणि डॉक्टरांनी पानगळीपलीकडचं काही बोलायचं टाळलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून शहरातल्या विद्यापीठातून माकाबे बाईंना बोलावून घेतलं. या बाई जुन्या साधुसंतांचे पुरावे तपासतात. आतापर्यंत त्यांनी तीन संस्थापक रद्द केले होते, अशी त्यांची ख्याती होती.

बाई आल्या त्या नेमक्या आचार्यांच्या पुण्यतिथीला. त्या दिवशी आमच्या गावात सगळे डाव्या हाताने पेज खातात. मेलेल्या माणसासाठी सगळं उलट करायचं, किमोनोची घडी उलटी, पडदा उलटा, तसाच जेवणारा हातही उलटा, असं त्याचं कारण सांगतात. पेज वाढायला सुएनो आजी होत्या. त्यांचं टोफूचं दुकान आहे आणि गावाच्या वतीने मठाचा कारभारही त्याच बघतात. बाईंनी उजव्या हातात चमचा घेतला तसा आजींनी तो काढून डाव्या हातात दिला.

“आज उजवा हात मांडीवर ठेवायचा, बाई.”

“इतर गावांत पुण्यतिथीला असं करत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“इतर गावांत आचार्य नव्हते.”

बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. त्या सगळंच टिपून घेत. आजींना ती वही पहिल्या क्षणापासून खुपली.

दुसऱ्या दिवशी माझी चौकशी सुरू झाली. बाईंनी भिंगातून माझ्या कडेची वलयं मोजली, फोटो काढले आणि तासाभरात सांगितलं की हे झाड साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वी तोडलेलं आहे, झाकणावरची तारीख खोटी आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी मात्र उसळल्या.

“तुमच्या खापरपणजोबांचे खापरपणजोबा होते, याला काय पुरावा आहे हो तुमच्याकडे?”

“मी आहे.”

“मग आमचं गाव आहे.”

“मला जन्म द्यायला खापरपणजोबा लागतातच, आजी. गावाला गोष्ट लागते. ती खरी असलीच पाहिजे असं नाही.”

आजी महाराजांकडे वळून म्हणाल्या, ही पेटी उघडली की मठाला टाळं. रिकामी निघाली तर पोरांना काय सांगायचं?

महाराज बराच वेळ खोकत होते. मग म्हणाले, “सुएनो, मी साठ वर्षं रोज वाकतोय. कोणापुढे, ते मला कळू दे. नसलं कोणी, तर तेही कळू दे. पण न बघता परत सही करून मी मरणार नाही.”

आजी खाली बसल्या. बाईंनी पट्ट्या सोडवायला घेतल्या.

वाफ देऊन, पातळ पात्याने, एकेक. ‘पूर्वीप्रमाणेच आहे.’ ‘पूर्वीप्रमाणेच आहे.’ अकरावी, दहावी, नववी. बाई प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचत आणि खाली ठेवत. दहा पट्ट्या निघाल्यावर त्यांनी, दहा जण एकमेकांच्या पाठीमागे लपले आहेत, असं कोरडेपणाने म्हटलं. महाराजांनी मान खाली घातली, कारण दहापैकी एक समोरच बसला होता. मग दोन्शूंचा वरचा कागद निघाला आणि त्याखालच्या दोन ओळी उजेडात आल्या.

‘आतील पात्र आचार्यांचे आहे असे ऐकले. माझी खात्री नाही.’

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाटलं की संपलं. पायाच्या पहिल्या दगडाखालीच काही नव्हतं. पण माकाबे बाई मात्र ती पट्टी पुन्हा पुन्हा बघत होत्या. त्यांनी डिंकाचे डाग तपासले, झाकणाचा सांधा तपासला.

“हे दोन्शू मला आवडले,” त्या म्हणाल्या. “आणि एक गोष्ट नक्की. त्यांच्यानंतर ही पेटी कोणीही उघडलेली नाही.”

मग त्यांनी मला उघडलं. मित्रांनो, साडेतीनशे वर्षांनी आत उजेड पडला तेव्हा मी लाजून चूर झाले, खोटं कशाला सांगू. पात्र होतं. काळसर, साधं, कुठलाही शिक्का किंवा अक्षर नाही. आजींनी हात जोडले. बाईंनी हातमोजे घातले आणि ते उचललं.

काठाला एक मोठा टवका होता. त्याच्या अगदी समोरचा काठ झिजून बोटासारखा गुळगुळीत झाला होता. टवका ओठाला लागू नये म्हणून खाणाऱ्याने तो सतत पलीकडे ठेवला होता, आणि पेज पिऊन पिऊन अलीकडचा काठ झिजवला होता. बाईंनी पात्र तसंच तोंडासमोर धरलं. त्यांचा डावा हात, आपण धरतो तसा, वाटीखाली होता. काठावर आणखी एक खळगा होता, अंगठ्याएवढा. पण तो त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली येईना. त्यांनी हात बदलला. उजवा अंगठा त्या खळग्यात अलगद जाऊन बसला.

बाई तशाच थांबल्या. पहिल्यांदाच त्यांची वही मिटलेली होती.

“वाटी उजव्या हातात,” आजी हळूच म्हणाल्या. “मग खाणारा हात डावा.”

“हो.”

“आमच्यासारखा.”

“तुम्ही त्याच्यासारखे,” बाई म्हणाल्या, आणि लगेच सावरल्या. संशयी माणसाला आपलं वाक्य आपणच तपासून घ्यावं लागतं. त्या सांगू लागल्या, आणि मी कान देऊन ऐकत होते. गाव डाव्या हाताने खातं, ही एक साक्ष. पात्र डावखुऱ्याने झिजवलेलं आहे, ही दुसरी. एकीने दुसरीची नक्कल केली असती तर दोन्ही मिळून एकच धरावी लागली असती. पण साडेतीनशे वर्षं पात्र कोणाला दिसलेलंच नाही. दहा जणांनी डोळे मिटून सह्या केल्या, त्या साक्ष म्हणून कवडीमोलाच्या. पण त्या न बघण्यामुळेच पात्रात कोणी ढवळाढवळ केली नाही, हे कळलं.

“आणि पेटी बंद व्हायच्या आधी कोणी हा खळगा पाहून रीत पाडली असेल तर?” हे महाराजांनी विचारलं. मठाचा धनीच हा प्रश्न विचारील असं मला वाटलं नव्हतं.

“तर ही फट राहतेच,” बाई म्हणाल्या. “ती मी लिहिणार. तो गेन्साई होता असंही मी लिहिणार नाही. कोणी एक डावखुरा माणूस या पात्रात वर्षानुवर्षं जेवला. बहुधा याच गावात, आणि गाव त्याचा हात विसरलं नाही. एवढंच. नाव मला ठाऊक नाही.”

महाराजांनी हात पुढे केले. बाईंनी नियम बाजूला ठेवून पात्र त्यांच्या उघड्या हातात दिलं. त्यांनी आपला सुरकुतलेला उजवा अंगठा त्या खळग्यात ठेवला आणि डोळे मिटले.

“नाव तर मी साठ वर्षं घेतोय,” ते म्हणाले. “माणूस नव्हता माझ्याकडे.”

त्या दिवशी बारावी पट्टी लिहिली गेली. महाराजांनी ती माझ्याच झाकणावर कागद ठेवून, सावकाश लिहिली: ‘उघडले. पाहिले. नाव सिद्ध झाले नाही. जेवणारा डावखुरा होता.’ खाली सही, आणि खरी तारीख. आजींना ‘सिद्ध झाले नाही’ हे शब्द अजिबात पसंत नव्हते. त्या महिनाभर माकाबे बाईंना टोफू पाठवत राहिल्या आणि सोबतच्या चिठ्ठीत टोमणेही. महाराज पानगळीत गेले. शेवटच्या दिवसांत ते मला नमस्कार करताना माझ्याकडे बघत असत.

मित्रांनो, तुमच्या घरी, देवळात, शाळेत माझ्यासारख्या पेट्या असतील. त्यांच्यावरची धूळ पुसा, त्यांना वाळवीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण नुसतं कुलूप लावून फुलं वाहणं म्हणजे जपणं नव्हे. साडेतीनशे वर्षं माझी पूजा झाली, आणि मी साडेतीनशे वर्षं एकटी होते. माझी खरी काळजी घेतली ती माझ्यावर संशय घेणाऱ्या एका बाईने आणि स्वतःवर संशय घेणाऱ्या एका म्हाताऱ्याने.

आणखी तेहतीस वर्षांनी मला पुन्हा फळीवरून उतरवतील. तेव्हा तुमच्यापैकी कोणी तिथे असलं, तर बारावी पट्टी वाचा, पण तिच्या भरवशावर राहू नका. मी आत्ता सांगितलं त्याच्याही नाही. झाकण उघडा, पात्र हातात घ्या, आणि तुमचा अंगठा कुठे बसतो ते स्वतः बघा.